पाच बोटांचे बूट, यवतेश्वरचा घाट आणि आमची चूक : आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आमच्या साताऱ्यातील दुकानाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि त्या दिवशी काउंटरवर असलेल्या मुलालाही वाचायला दिला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे. पायाच्या प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले, पातळ तळाचे बूट आपण आमच्याकडून ७,४०० रुपयांना घेतले आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे ते घालून यवतेश्वरच्या घाटात नऊ किलोमीटर धावलात. त्यानंतर पोटऱ्या अशा धरल्या की तीन आठवडे जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला. बूट परत करायला आलात, तेव्हा ‘वापरलेला माल परत घेत नाही’ असे आपल्याला ऐकवण्यात आले. शेवटी आमच्या दुकानाला आपण ‘विचित्र बुटांची जत्रा’ म्हटले आहे. जत्रेबद्दल माझे म्हणणे थोडे वेगळे आहे, ते पुढे मांडतो. बाकी जवळजवळ सगळी चूक आमची आहे.

धावण्याच्या पुष्कळशा नेहमीच्या बुटांत टाच चवड्यापेक्षा आठ ते बारा मिलिमीटर उंच ठेवलेली असते. आपण घेतलेल्या जोडात टाच आणि चवडा एकाच पातळीवर आहेत आणि खाली रबर आहे ते जेमतेम चार मिलिमीटरचे. टाच एवढी खाली आली की पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची जाड शीर यांना प्रत्येक पावलागणिक जास्त ताणावे लागते, आणि चढावर तर हा ताण आणखी वाढतो. म्हणून असे बूट पहिले काही दिवस घरात आणि फिरायला जातानाच वापरायचे असतात. मग सपाट मैदानावर पाच-दहा मिनिटे धावून पाहायचे, आणि पोटऱ्यांची कुरकुर नसेल तरच हळूहळू अंतर वाढवायचे. घाट चढण्याइतकी सवय व्हायला दोन-तीन महिने सहज जातात. यातले एक अक्षरही आपल्याला सांगितले गेले नाही. ‘घाला आणि पळा’ एवढेच सांगितल्याचे त्या मुलाने कबूल केले आहे. मात्र त्याला याहून अधिक काही शिकवण्याचे काम माझे होते आणि ते मी केले नव्हते.

त्याहून मोठी चूक फळीवरच्या पाटीची. ‘पायाचे स्नायू बळकट होतात, दुखापत टळते’ हे वाक्य मीच लिहवून घेतले होते, आणि आपण त्यावर विश्वास ठेवलात. बोटांच्या बुटांचा हा प्रकार ‘फाइव्हफिंगर्स’ या नावाने जगभर पोहोचवणाऱ्या व्हिब्रम या इटालियन कंपनीवर अमेरिकेतील ग्राहकांनी अशाच दाव्यांवरून खटला भरला होता, आणि २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. आपला जोड त्या कंपनीचा नव्हता. पण माझ्या पाटीवरचे वाक्य त्याच कुळातले होते आणि हा इतिहास ठाऊक असूनही मी ते लावले. हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात, अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला दणका त्यांना कमी बसतो, असे दिसून आले होते. परंतु वर्षानुवर्षे गादीच्या बुटात धावलेल्या माणसाने उद्या सकाळी पातळ तळ घातला की त्याची दुखापत टळेल, असा अर्थ त्यातून काढणे हा दुकानदारी उत्साह झाला. पाटी त्याच रात्री उतरवली आहे.

आपण काउंटरवर ठेवून गेलेला जोड मी उजेडात नीट पाहिला. उजव्या बुटात अंगठ्याशेजारच्या कप्प्याच्या टोकाची शिवण ताणली गेली आहे आणि तिथले कापड विरविरीत झाले आहे. म्हणजे आपले दुसरे बोट अंगठ्यापेक्षा बरेच लांब असावे. अशा पायाला बोटांचे बूट सहसा नीट बसत नाहीत. ग्राहकाला भिंतीला टाच टेकवून उभे केले असते आणि दोन्ही पायांचे माप वेगवेगळे घेतले असते, तर हे अर्ध्या मिनिटात लक्षात आले असते. त्याऐवजी आम्ही ‘नेहमी कितीचा घालता?’ एवढे विचारून नऊ नंबर काढून दिला. डाव्या बुटाच्या टाचेचे रबर बाहेरच्या कडेने घासले गेले आहे. जाड तळाच्या बुटांची सवय असलेले बहुतेक जण असेच टाचेवर उतरतात, त्यात आपला काही दोष नाही. पण चार मिलिमीटरच्या रबरावर तो दणका थेट हाडापर्यंत जातो. हा जोड आपल्याला विकायलाच नको होता.

आता जत्रेविषयी. १९५१ मध्ये शिगेकी तानाका हा जपानी धावपटू बोस्टन मॅरेथॉन जिंकला, तेव्हा त्याच्या पायात अंगठा वेगळा असलेले जपानी धाटणीचे बूट होते, आणि तिथल्या लोकांना त्यांचे नवल वाटले होते. अंगठ्याची चप्पल घालून वाढलेल्या आपल्याला ते तितके वाटू नये. ओरेगॉनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी १९७१ मध्ये घरातल्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून पाहिले. साचा कायमचा बिघडला, पण त्या चौकोनी खाचांचा तळ पुढे असंख्य बुटांखाली आला. काचेच्या कपाटातील ज्या बुटाला आपण ‘बंदी घातलेला माल’ म्हटले आहे, त्यावर बंदी नाही. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि आतली कडक पट्टी एकच, अशी मर्यादा घातली. तो जोड या दोन्ही अटींत बसतो. त्याच्या शेजारचा जाड तळाचा जोड मात्र बसत नाही, आणि तो केवळ सरावासाठी आहे हे त्यावर लिहिलेले नव्हते. ते आता लिहिले आहे. टाचेखाली उघड्या स्प्रिंगा असलेला जोड मी निव्वळ लोकांनी थांबून पाहावे म्हणून ठेवला होता, हेही सांगून टाकतो. तेवढ्यापुरती जत्रा मान्य. माझे वडील पांढऱ्या कॅनव्हास बुटांच्या दोन फळ्यांवर दुकान चालवत असत. त्यांनी तो जोड दारात ठेवू दिला नसता.

आपले ७,४०० रुपये पूर्ण परत देत आहोत. फिजिओथेरपिस्टकडे दोनदा जावे लागल्याचे आपण लिहिले आहे, त्या पावत्या दाखवल्यास तो खर्चही मी देईन. मूळ बिल आणण्याची गरज नाही, खरेदीची नोंद आमच्याकडे आहे. यापुढे पातळ तळाच्या आणि बोटांच्या प्रत्येक जोडाबरोबर सवयीचे वेळापत्रक मराठीत छापून दिले जाईल, आणि असे जोड वापरलेले असले तरी पंधरा दिवसांत परत घेतले जातील. माल परत न घेण्याचा नियम बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होता. तो आता काउंटरवर, वाचता येईल अशा आकारात लावला आहे.

अभिप्राय काढून टाका किंवा तारे वाढवा, अशी विनंती मी करणार नाही. एकच विनंती आहे : आपण त्यात काउंटरवरच्या मुलाचे नाव घातले आहे, त्या जागी माझा किंवा दुकानाचा उल्लेख करावा. तो नोकरीला लागून तेव्हा अकरा दिवस झाले होते.

दुकान मंगळवारी बंद असते. इतर कोणत्याही दिवशी सायंकाळी सहानंतर मी स्वतः काउंटरवर असतो.

आपला,
दुकानमालक