विनोद सोडून हसा

सकाळी साडेसहाला बागेत गोल करून उभं राहायचं आणि कुणी अवाक्षर बोललेलं नसताना समोरच्या अनोळखी काकांच्या डोळ्यांत बघून खदाखदा हसायचं. रडणं परवडलं, त्याला निदान कारण तरी लागतं.

मला खरा झोंबतो तो या प्रकाराचा इतिहास. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तेव्हा तिथे रीतसर विनोद सांगत. दोनेक आठवड्यांत चांगला माल संपला. उरला तो चावट, नाहीतर कुणाला तरी टोचणारा. मग त्यांनी विनोदच काढून टाकला आणि हसणं तेवढं ठेवलं. पोहे वगळून नुसतं लिंबू पिळावं तसं. विनोद लिहिणाऱ्यांचा इतका अपमान टीकाकारांनीही केलेला नाही.

सुरुवात टाळ्यांनी. तळवे सपाट, बोटांवर बोटं, ताल एक-दोन, एक-दोन-तीन: ‘हो हो, हा हा हा’. आरतीला सरावलेले हात इथे हमखास घाई करतात. हसू बेंबीपासून काढायचं. घशातून काढलंत तर तिसऱ्या दिवशी आवाज बसतो. हसण्याचा एक प्रकार अर्धा-पाऊण मिनिट, मध्ये दोन दीर्घ श्वास. ते गाळून हसतच सुटलात तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं गरगरतं आणि लोकांना वाटतं, आज यांना अगदी मनापासून आलं.

सिंहहास्यात पंजे पुढे, डोळे वटारलेले, जीभ मुळापासून बाहेर. कवळीवाल्यांनी जपावं. वरची कवळी टाळूला धरून असते; खालचीला तसा आधार नाही, जीभ बाहेर पडली की ती उचलली जाते. सिंहाची निम्मी दहशत तिथेच गळून पडते.

नकली हसू ओळखणं सोपं आहे. खऱ्या हसण्यात सेकंदाला साधारण पाच ‘हा’ पडतात. नकलीवाला दोनच टाकतो, तेही दार ठोठावल्यासारखे. शिवाय डोळे. द्युशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की ओठ हुकमाने हलतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा हुकूम मानत नाही. म्हणून तर गोल करतात. एकाचं हसू दुसऱ्याला लागतं ते चेहऱ्यावरून. रांगेत उभं केलं तर पुढच्याची मान दिसते, आणि मानेला बघून कोण हसणार?

हर्निया, काचबिंदू किंवा नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी यात पडू नये. त्यांना कडेच्या बाकावर बसवतात. समोर वीस सिंह जिभा काढून उभे, त्यातल्या एकाचा हात कवळीवर. मनापासून हसू फुटतं ते बाकावरच्यांना, आणि हसायची बंदीही त्यांनाच.