बहाव्याच्या नावावर खपवलेली तारीख

कोकणातल्या ग्रुपांवर फिरणारा मजकूर साधारण असा: बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस; बहावा अवेळी फुलला तर पाऊसही अवेळी; आणि अवेळी फुललेलं प्रत्येक झाड म्हणजे हवामानबदलाचा पुरावा.

आधी ते ४५ दिवस. मोजायचे कधीपासून? पहिला घोस दिसल्यापासून, की झाड पिवळंधमक झाल्यापासून? शेजारशेजारचे दोन बहावेसुद्धा एकदम फुलत नाहीत. मुख्य बहर एप्रिल ते जून, मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. एप्रिलअखेरचं झाड धरलं की हिशेब जुळणारच. खरी परीक्षा बिघडलेल्या वर्षांची. मुंबईत पाऊस २०२३ साली २५ जूनला पोहोचला, २०२५ साली २६ मेलाच. पहिल्या वर्षी बिपरजॉय वादळाने वाट अडवली, दुसऱ्या वर्षी रत्नागिरीजवळ कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्यावर आलं. दीड महिना आधी हे कुठल्या झाडाला कळावं?

मग अवेळी फुलं येतात ती का? झाड पुढचं सांगत नाही, मागचं सांगतं. पाण्याचा ताण पडून अचानक सर आली, वादळाने पानं ओरबाडली, की काही झाडं पुन्हा फुलतात. पावसाळ्यानंतर बहाव्यालाही तुरळक घोस येतात. (फोटोतला ‘ऑक्टोबरचा बहावा’ पुष्कळदा काशीद नावाचं दुसरंच झाड असतं. त्याचे तुरे वर उभे राहतात, बहाव्याचे घोस खाली लोंबतात.)

आंब्याच्या लवकर आलेल्या मोहोराचं नवल बागायतदारांना सांगू नये. जुलै-ऑगस्टात आळ्यात कल्टार (मोहोर लवकर आणणारं रसायन) कुणी घातलं, ते त्यांना ठाऊक असतं. त्यांची डोकेदुखी वेगळीच: फळधारणा झाल्यावर पुन्हा थंडी पडली की त्याच फांदीवर पुनर्मोहोर येतो आणि आधीची कणी (नुकतीच धरलेली बारीक फळं) गळते. इथेही कारण झालेल्या थंडीत आहे.

किनाऱ्यावरच्या उंडी, भेंड, मर्यादवेल यांना तर असा एकच ठरलेला हंगाम नसतोच.

हवामान बदलतंय, त्याबद्दल वाद नाही. पण एका फोटोने ते सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच झाडाची वर्षानुवर्षं नोंद लागते. सीझनवॉच उपक्रमात अशा नोंदी ठेवता येतात. भाताची धूळवाफेवर (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरणी करायची असेल, तर हवामान खात्याचा अंदाज बघा. बी वाया गेलं तर मजकूर पुढे पाठवणारा भरून देणार नाही.