पाय पसरा, अंथरूण मागून येतंच आहे

अमेरिकेत तुमचा घरांचा होलसेल धंदा आहे, महिन्याला तीन सौदे नीट पार पडतात, देणं कुणाचं नाही आणि रात्री झोप लागते, असं कानावर आलं. ऐकून वाईट वाटलं. या वयात झोप लागणं बरं लक्षण नाही.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. हप्ते थकलेला, वारसाहक्कात अडकलेला किंवा दुरुस्तीला कंटाळलेला घरमालक शोधायचा, शे-पाचशे डॉलर इसार ठेवून त्याच्याशी खरेदीचा करार करायचा, आणि घर स्वतः न घेता तो करारच एखाद्या रोखीवाल्या गुंतवणूकदाराला जास्त पैशांत सोपवायचा. मधली रक्कम आपली. तिला असाइनमेंट फी म्हणतात. नाव घाऊक, पण माल नाही, गोदाम नाही, भांडवलही फारसं नाही. ‘बाजारात तुरी’ या म्हणीवर एवढा सुबक व्यवसाय दुसरा कुणी उभा केला नसेल.

तर हा धंदा झपाट्याने कसा वाढवावा, हे मी सांगतो. अधिकाराने सांगतो, कारण मी तो क्लीव्हलँडमधून सुरू करून चौदा महिन्यांत चार राज्यांत नेला होता. पुढचं पुढे येईलच.

पहिली गोष्ट, घर बघायला स्वतः जाणं बंद करा. तुम्ही अजून जाता. तळघरात उतरता, भिंतीवर पांढरट क्षारांची रेघ दिसली की पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते ओळखता, फ्यूजपेटीचं झाकण उघडता, आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून म्हातारीची कॉफी पिता. एका घराला तीन तास! तेवढ्या वेळात बसल्या जागी बारा घरांना भाव देता येतो. गूगलच्या नकाशावर घराचं चित्र असतंच. छप्पर दिसतं, खिडक्या मोजता येतात, बाहेरची झाडंसुद्धा दिसतात. ते चित्र चार वर्षांपूर्वीचं आहे आणि आज त्या छपरावर निळी ताडपत्री बांधलेली आहे, असल्या बारकाव्यांत वाढणारा माणूस अडकत नाही.

आता भाव काढायचं गणित. धंद्यातला प्रत्येक जण सत्तर टक्क्यांचा नियम सांगतो. दुरुस्तीनंतर घर 2,00,000 डॉलरला जाईल असं समजा. त्याचे सत्तर टक्के 1,40,000. दुरुस्तीचे 40,000 वजा केले की उरले 1,00,000, गुंतवणूकदार देणार ते एवढेच. आपली फी 10,000. म्हणजे मालकाला 90,000 द्यायचे. किती देखणं गणित! यात एकच आकडा कुणीतरी तळघरात उतरून आणावा लागतो, तो म्हणजे दुरुस्तीचा. तो आपल्या नव्या पोराने चित्र बघून टाकलाय. प्रत्यक्षात पाया खचलेला आणि तारा शंभर वर्षांपूर्वीच्या निघाल्या, तर 40,000 चे 75,000 होतात. मग गुंतवणूकदाराच्या हिशेबाने ते घर 65,000 च्या वर घेण्यासारखं नसतं आणि आपण मालकाला नव्वद कबूल करून बसलेले असतो. पण हे कळतं पंधरा दिवसांनी. तोवर घंटा वाजलेली असते.

हो, घंटा राहिलीच. कचेरीत पितळेची एक घंटा टांगा. करारावर सही झाली की ज्याने ती आणली त्याने ती वाजवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या. लक्षात घ्या, वाजवायची ती सही झाल्यावर. टायटल कंपनीत, म्हणजे मालकीचे कागद तपासून खरेदी पुरी करून देणाऱ्या कचेरीत, व्यवहार पुरा होऊन पैसे खात्यात आले, तर गप्प बसायचं. आमच्याकडे एका महिन्यात ती एकतीस वेळा वाजली होती. पुरे झालेले व्यवहार नऊ. उरलेले बावीस कुठे गेले, हे विचारणाऱ्या हिशेबनीस बाईंना आम्ही ‘नकारात्मक’ म्हणत असू. त्या पुढे सोडून गेल्या. जाताना फाइली लावून गेल्या, एवढे त्यांचे उपकार.

माणसं भरपूर घ्या आणि त्यांना लांबलचक हुद्दे द्या. घर मिळवणारा ॲक्विझिशन मॅनेजर, करार खपवणारा डिस्पोझिशन मॅनेजर, कागद फिरवणारा ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर. फोन लावायला फिलिपिन्समधली सहा मुलंमुली. पूर्वी ही चारही कामं तुम्ही एकटेच करत होता, त्यामुळे ‘तळघरात पाणी आहे’ ही गोष्ट एकाच डोक्यात राहायची. आता ती घर बघणाऱ्याच्या डोक्यात राहते (बघितलं असेल तर) आणि विकणारा ‘तळघर कोरडं’ असं छापून मोकळा होतो. शिकवायला वेळ नसतो, पण त्याची चिंता नको. नवा माणूस जुन्याकडून शिकतो, आणि जुना म्हणजे मागच्या महिन्यात आलेला.

हिशेब मात्र फक्त वरचा बघायचा. तीन सौद्यांच्या दिवसांत तुमच्याकडे 30,000 डॉलर यायचे, पोस्टकार्डं, याद्या आणि फोनवर 8,000 जायचे, 22,000 उरायचे. आता सौदे बारा. घाईघाईत विकल्याने फी सरासरी 9,000 वर आलीय, तरी 1,08,000 जमले. लाखाच्या वर! फोटो काढा, जगाला दाखवा. खाली बघू नका. खाली जाहिरात 48,000, कमिशन 30,000, पगार 24,000, कचेरी आणि सॉफ्टवेअर 9,000 असं लिहिलंय आणि बेरीज 1,11,000 होतेय. पूर्वी तुम्ही महिन्याला बावीस हजार मिळवत होता. आता तीन हजार भरून बारा माणसांना कामाला लावता. याला उद्योजक म्हणतात.

शिवाय सही होण्यापासून पैसे येण्यापर्यंत महिना-दीड महिना जातो आणि पगार दर दोन आठवड्यांनी द्यावा लागतो. मधली फट कशी भरायची? तुमचं राहतं घर आहे ना. त्यावर कर्ज उचला. घरांच्या धंद्यात आहात, घर कामाला नाही येणार तर काय येणार!

पोस्टकार्डांचंही सांगतो. आमचं कार्ड पिवळं होतं, हाताने लिहिल्यासारखी निळी अक्षरं, ‘मी तुमचं घर रोखीने घेतो’ असा मजकूर इंग्रजीत. पाच हजार छापून आल्यावर दिसलं की ‘कॅश’च्या स्पेलिंगमधला शेवटचा एच गळालाय. पुन्हा छापायला चार दिवस गेले असते. मी म्हटलं, जाऊ द्या, चूक असली की माणसाने लिहिल्यासारखं वाटतं. पुढे कुणी ती दुरुस्त केली नाही, कारण दुरुस्त करण्याचं काम कुणाच्याच हुद्द्यात बसत नव्हतं.

मालक लोकांचं फार मनावर घेऊ नका. एक बाई होत्या. नवरा गेलेला, लाकडी घर, करांची थकबाकी. सही करायला सुरुवातीच्या दिवसांत मीच गेलो असतो, पण तेव्हा मी मेम्फिसची शाखा उघडत होतो. आमच्या पोराने सही आणली, घंटा वाजवली. विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. तारीख एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा गेली. करारात पाहणीचं कलम असतंच, त्याच्या आधारे शेवटी अंग काढून घ्यायचं ठरलं, आणि ते कळवायला तरी माणूस जावा म्हणून मी गेलो. पुढच्या खोलीत खोकी रचलेली. कपबश्या एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. प्रत्येक खोक्यावर जाड पेनाने कुठल्या खोलीचं सामान ते लिहिलेलं, शेवटच्यावर ‘आधी उघडा’. मुलीकडे जायला त्यांनी ट्रक ठरवला होता, आगाऊ पैसे देऊन. मला म्हणाल्या, “तुम्ही त्या कंपनीतले पाचवे. त्या पहिल्या मुलाला तरी माहीत आहे का?” त्या मुलाने तोवर नोकरी सोडली होती. चहासाठी त्यांनी खोकं उघडायला घेतलं. मी नको म्हटलं.

असो. आपण वाढीबद्दल बोलत होतो.

गिऱ्हाइकांची यादी दहा हजारांची ठेवा. खरे घेणारे त्यात पाच असतात, पण दहा हजार म्हणायला छान वाटतं. त्या पाचांपैकी चौघं उधारीच्या पैशावर घरं घेतात, हे विचारायचं नाही. जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेत तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला होता, तेव्हा आमचं काहीही खपायचं. पाया खचलेलंही खपायचं. त्याला आम्ही आमचं कौशल्य समजलो. ऑक्टोबर 2022 पर्यंत दर सात टक्क्यांच्या वर गेला आणि पाचही गिऱ्हाइकांचे फोन एकाच आठवड्यात लागेनासे झाले. हातात चाळीसेक करार आणि प्रत्येकामागे कुणीतरी खोकी बांधतंय.

कायद्याचं एका दमात उरकतो. इलिनॉयने 2019 मध्ये ठरवलं की बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त करार असे विकायचे तर दलालीचा परवाना हवा. ओक्लाहोमाने 2021 मध्ये कायदा केला, त्याच्या तर नावातच ‘प्रिडेटरी’, म्हणजे भक्ष्य शोधणारा, असा शब्द आहे. साउथ कॅरोलायनाने 2024 मध्ये मुसक्या आवळल्या. आणि नको असलेल्या फोनांचा केंद्रीय कायदा 1991 पासून आहे: नियमाबाहेरच्या फोनमागे किंवा संदेशामागे 500 डॉलर, जाणूनबुजून केला असेल तर 1500 पर्यंत. दिवसाला हजारो नंबर फिरवणाऱ्या यंत्राला हा गुणाकार शिकवू नका, त्याचा उत्साह जाईल.

आणि कुणी हळू जा म्हणालं तर त्याला झिलो या घरांच्या वेबसाइटवाल्या कंपनीचं नाव सांगा. एवढी मोठी कंपनी, अख्ख्या देशातल्या घरांच्या किमतींची माहिती हाताशी, भाव ठरवायला गणिती प्रणाली, आणि खरोखर घरं विकत घेण्याइतका पैसा. त्यांनी भराभर घरं घेतली, 2021 च्या एका तिमाहीत घेतलेल्या घरांची किंमत 30 कोटी डॉलरहून अधिक कमी करून दाखवावी लागली, नोव्हेंबरात तो विभाग बंद करायचा जाहीर केला आणि सुमारे पाव नोकरवर्ग घरी जाणार असं सांगितलं. पण त्यांच्याकडे तुमच्यासारखी घंटा कुठे होती?

हल्ली मी सल्ले देतो. कचेरी नाही, मेम्फिस नाही, जॅक्सनव्हिल नाही. घंटा आहे, माळ्यावर. राहत्या घराचे तीन हप्ते मागे पडलेत, आणि बँकेने कोर्टात अर्ज केला की ते नाव जाहीर नोंदीत जातं. त्या नोंदींवरून याद्या बनतात, याद्या विकत मिळतात. मीही घ्यायचो, दर सोमवारी ताज्या.

गेल्या आठवड्यात टपालपेटीत एक पिवळं कार्ड आलं. निळी, हाताने लिहिल्यासारखी अक्षरं. ‘कॅश’ला एच नाही.

मी त्या नंबरावर फोन केला. पोरगा चुणचुणीत होता. छपराची अवस्था चांगली दिसतेय, असं म्हणाला. मी खिडकीतून वर पाहिलं. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं.