बिनविरोध

निवडणुकीला एकच उमेदवार असेल तर त्याला हरता येत नाही, हे माझ्या बायकोच्या लक्षात निकाल लागल्यावर आलं. "मतपत्रिका रिकामी दिसते, नाव तेवढं दे," असं म्हणून तिचं नाव घेतलं गेलं होतं. मतपत्रिका ईमेलनं सगळ्या सभासदांना गेली, त्यातल्या थोड्यांनी ती उघडली, आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या केमिस्टांच्या संस्थेच्या न्यू जर्सीतल्या एका सेक्शनची, म्हणजे स्थानिक शाखेची, ती चेअर-इलेक्ट झाली. मी अभिनंदन केलं. "वर्षभराचं तर आहे," ती म्हणाली.

वर्षभराचं नव्हतंच ते. पहिलं वर्ष चेअर-इलेक्ट, दुसरं चेअर, तिसरं इमिजिएट पास्ट चेअर. पहिल्या वर्षी कार्यक्रम ठरवायचे, दुसऱ्या वर्षी ते निस्तरायचे, आणि तिसऱ्या वर्षी नव्या चेअरला "आमच्या वेळी असं होतं" हे सांगत पुढचा बकरा शोधायचा. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरीपद गळ्यात पडेल म्हणून लोक वार्षिक सभेच्या दिवशी गावाला जातात. इथे पीएचडी झालेली माणसं आपल्या पायांनी चालत येतात, वर येताना केक घेऊन येतात.

सांगलीला सासूबाईंना बातमी कळवली.
"म्हणजे पगार वाढला?"
"नाही आई, हे मानद आहे."
"गाडी देतात का?"
"नाही."
"मग हरली असती तर काय बिघडलं असतं?"
याला उत्तर नव्हतं. मी फोन बायकोकडे दिला.

मी केमिस्ट नाही. दहावीला रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाला मी "पांढरं" असं उत्तर दिलं होतं आणि तिथेच आमचे संबंध संपले. माझा धंदा चार्टर्ड अकाउंटंटचा. पण हे सेक्शनमध्ये कुणापुढे बोलायचं नाही, अशी मला पहिल्याच बैठकीआधी सक्त ताकीद मिळाली. कारण विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "आमचे खजिनदार दमलेत."

ही सोसायटी जन्मली तीच मुळी स्वखर्चानं जमलेल्या माणसांतून. ऑक्सिजन शोधणारा जोसेफ प्रीस्टली इंग्लंड सोडून पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थम्बरलँडला येऊन राहिला होता. त्या शोधाला शंभर वर्षं झाली म्हणून १८७४ साली देशभरचे केमिस्ट त्याच्या घरी जमले आणि तिथे संस्था काढायची चर्चा सुरू झाली. दोन वर्षांनी, १८७६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये सोसायटी स्थापन झाली. पहिला लोकल सेक्शन निघाला १८९१ मध्ये, ऱ्होड आयलंडला. आता असे दीडशेच्या वर सेक्शन आहेत, आणि माझा अंदाज असा की त्या प्रत्येकात एक तरी नवरा किंवा बायको गाडीत खुर्च्या भरत असणार.

कमिटीची बैठक महाविद्यालयाच्या एका वर्गात भरायची, फळ्यावर कुणाची तरी अर्धी समीकरणं तशीच राहिलेली. मी मागच्या बाकावर पिझ्झ्याच्या खोक्यांचा राखणदार. तिथे बसून मी या माणसांची करिअरं ऐकली, आणि हिशेबतपासनिसाच्या डोळ्यांनी सांगतो, असला ताळेबंद मी कुठे पाहिला नाही.

सेक्रेटरींचंच बघा. औषधाच्या कंपनीत लागले तेव्हा वाटलं, आता इथूनच रिटायर होणार. न्यू जर्सीत एकेकाळी असं वाटणं साहजिक होतं. मग २००० साली वॉर्नर-लँबर्ट फायझरनं घेतली. २००९ मध्ये वायेथही फायझरमध्ये गेली, त्याच वर्षी शेरिंग-प्लाऊ मर्कमध्ये. रोशनं नटलीचा आपला मोठा कारभार बंद करत असल्याचं २०१२ मध्ये जाहीर केलं. लिब्रियम आणि व्हॅलियम ही मन शांत करणारी औषधं जिथे जन्मली ते नटली. सगळ्या जगाला झोप देणाऱ्या गावात त्या वर्षी किती जणांची उडाली असेल! आमच्या सेक्रेटरींच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरची नावं बदलत गेली, शेवटी बिल्लाच गेला. "या सगळ्यात माझं एकच पद टिकलं," ते मिनिट्स लिहिता लिहिता म्हणाले, "आणि त्याचे पैसे मिळत नाहीत म्हणूनच टिकलं."

कौन्सिलर बाई, म्हणजे सोसायटीच्या देशपातळीवरच्या कौन्सिलात सेक्शनच्या प्रतिनिधी, मुळात प्रयोगशाळेतल्या, पुढे कायदा शिकून पेटंट वकील झालेल्या. पिझ्झा किती मागवायचा यावर त्यांनी एकदा "किमान सहा, परंतु सहापुरते मर्यादित नाही" असा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. मावळते चेअर प्राध्यापक. ते मीटिंगमध्ये लाल पेनानं पेपर तपासत असत. कुणी फार लांबण लावली की न बघता समासात उणे दोन लिहीत, ते त्या विद्यार्थ्याला की बोलणाऱ्याला हे शेवटपर्यंत कळलं नाही. ऑलिम्पियाडची परीक्षा सांभाळणाऱ्या बाई शाळेत शिकवतात. दरवर्षी वसंतात त्या पोरांना प्रश्नपत्रिका वाटतात, त्यातली काही पुढच्या फेरीला जातात, आणि बाई वर्षभर त्यांच्याच गोष्टी सांगतात. या बैठकीत खरं म्हणजे त्या एकट्याच ताज्यातवान्या दिसत.

खजिनदार मात्र वेगळंच प्रकरण. आयुष्यभर फ्लेवर केमिस्ट. दही, च्युइंगगम, सरबतं यांना चव आणि वास देण्यात त्यांची हयात गेली. केळं म्हटलं की त्यांच्या तोंडून "आयसोअमाइल ॲसिटेट" असं येतं, आपण "हरी ओम" म्हणावं तसं. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हिनं श्रीखंड केलं होतं. त्यांनी वाटी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सॅफ्रनाल." केशर ओळखलं होतं. मग परत एक दीर्घ श्वास. "आणि हे सिनिओल, वेलचीतलं. निलगिरीच्या तेलातही हेच असतं." त्यांनी दोन वाट्या संपवल्या. मला मात्र तेव्हापासून श्रीखंड समोर आलं की सर्दी झाल्यासारखं वाटतं.

ऑक्टोबरात नॅशनल केमिस्ट्री वीक येतो. जॉर्ज पिमेंटल सोसायटीचे अध्यक्ष असताना त्यांनी लोकांसाठी केमिस्ट्रीचा एक दिवस साजरा करायची कल्पना काढली, १९८७ मध्ये तो दिवस साजरा झाला, आणि पुढे त्या एका दिवसाचा आठवडा झाला. या थोर माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, फक्त त्यांच्या घरी जांभळा कोबी कुणी उकडला ते कळायला हवं होतं. आमच्याकडे तो पुरणाच्या पातेल्यात उकडला जातो. मुलांना ॲसिड आणि अल्कली दाखवायला त्याच्या रसासारखं स्वस्त काही नाही: लिंबू पिळलं की गुलाबी, खायचा सोडा टाकला की निळा-हिरवा. करामत अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची. पण कोबीत गंधकाची संयुगंही असतात आणि उकळताना ती घरभर हिंडतात, याचा उल्लेख मुलांच्या पत्रकात नसतो. पडद्यांत, कपाटात, माझ्या ऑफिसच्या कोटात ती मुक्कामाला राहिली. क्लायंटच्या ऑफिसात एकानं खिडकी उघडली आणि मला मायेनं विचारलं, "पोट बरंय ना?"

ड्राय आइस आणायचं काम माझं. उणे ७८ अंशांचा तो घन कार्बन डायऑक्साइड सैल झाकणाच्या पेटीत ठेवायचा, कारण झाकण घट्ट लावलं तर पेटी फुटेल. आणि गाडीच्या काचा खाली ठेवायच्या, कारण त्या वर केल्या तर गॅस साठून मी गुदमरेन. ऑक्टोबरच्या पहाटे, मफलर बांधून, चारही काचा उघड्या टाकून मी हायवेनं ग्रंथालयाकडे निघालो. पहाटेच का? तर २३ ऑक्टोबरला मोल डे असतो, ॲव्होगॅड्रोच्या आकड्यावरून (६.०२ गुणिले दहाचा तेविसावा घात), आणि तो सकाळी ६ वाजून २ मिनिटांनी सुरू होतो. त्या क्षणी उत्साही केमिस्ट एकमेकांना शुभेच्छा देतात. बायकोनं मलाही दिल्या, फोनवर, पांघरुणातून.

ग्रंथालयात मात्र मजा होती, ते नाकारत नाही. एवढ्या एवढ्या चष्म्यांतली पोरं ड्रॉपर घेऊन रांगेनं उभी. एका चिमुरडीनं कोबीच्या रसात लिंबू टाकलं, सोडा टाकला, परत लिंबू टाकलं, भस्सकन फेस आला आणि सगळा रस सेक्रेटरींच्या शर्टावर. त्यांनी शर्टाकडे बघितलं. रंग बघून म्हणाले, "न्यूट्रलच्या जरा खाली." तिला ते इतकं आवडलं की तिनं दुसरी बाही मागितली.

वर्षाअखेरीला वार्षिक डिनर असतं. सोसायटीत पन्नास-साठ वर्षं घातलेल्या सभासदांना प्रमाणपत्रं देतात. त्या वेळी सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या, म्हणून त्याही आल्या, इरकली नेसून. चेअरची आई म्हणून त्यांना मुख्य टेबलावर बसवलं. शेजारी खजिनदार, पुढ्यात त्यांच्या खास आग्रहावरून हिनं करून नेलेलं श्रीखंड. व्यासपीठावर साठ वर्षांच्या सभासद आजी सांगत होत्या की नोकरीला लागल्या तेव्हा लॅबमध्ये त्या एकट्याच बाई होत्या आणि त्यांच्या मापाचा ॲप्रन कुठे मिळत नव्हता. सासूबाईंना इंग्रजी शब्द सगळे कळत नव्हते, पण टाळ्या त्यांच्याच सगळ्यांत मोठ्या होत्या.

मग टेबलावर ओळखी सुरू झाल्या. कोण कुठे होतं, काय करतं. माझी पाळी येणार हे बघून मी पाण्याचा जग आणायच्या निमित्तानं उठलो. बायकोनं नजरेनं दाद दिली. जग भरून परत येतो तर सासूबाई सरसावून बसलेल्या. मुलीचं कौतुक संध्याकाळभर ऐकून झालं होतं, आता जावयाची बाजू लंगडी पडू नये एवढीच त्या माउलीची इच्छा. माझ्याकडे बोट करून, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, सांगली हायस्कूलच्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, "माय सन-इन-लॉ. चार्टर्ड अकाउंटंट. फर्स्ट अटेम्प्ट!"

खजिनदारांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली आणि माझ्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.