फुकट रेशन असताना धान्य कशाला गोळा करता?

आज सकाळी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवारच्या धान्यसंकलनाचा निरोप टाकला आणि काही मिनिटांतच एका सुशिक्षित, निवृत्त आणि एरवी अतिशय सभ्य गृहस्थांचे उत्तर आले: "सरकार ८० कोटी लोकांना फुकट धान्य देत आहे. जळगावात कोण उपाशी आहे ते एकदा दाखवा. उगाच लोकांना आयते खाण्याची सवय लावू नका." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्या रांगेत अशीही माणसे होती, ज्यांच्या घरच्या लग्नात मी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी पोटभर जेवले आहे आणि जेवणानंतर मांडवामागे टोपल्या भरून बट्ट्या मातीत ओतलेल्याही पाहिल्या आहेत. ग्रुपवर मी उत्तर दिले नाही, कारण तिथे वाद सुरू झाला की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि कोणीतरी सुविचार टाकून विषय बंद करतो. म्हणून इथे लिहिते आहे.

"कोण उपाशी आहे ते दाखवा" या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आला. उपाशी माणूस काय दारात पाटी लावून बसतो?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही देवळाच्या ओट्यावर गोळा झालेले धान्य निवडायला बसत होतो, तेव्हा पलीकडच्या वस्तीतील एक मावशी आपणहून येऊन आमच्यात बसू लागल्या. त्या मूळच्या अमळनेर तालुक्यातल्या. इथल्या एका डाळमिलमध्ये बरीच वर्षे निवडणीच्या कामाला होत्या आणि तिथे डाळ आपोआप निवडणारे सॉर्टेक्स मशीन आल्यावर इतर बायकांबरोबर त्यांचेही काम गेले. सुपावर त्यांचा हात असा चालायचा की आम्ही बाकीच्या नुसत्या बघत राहायचो. निघताना त्या एकच गोष्ट मागायच्या: पाखडून बाजूला काढलेली कणी, फुटका गहू आणि चाळणीखालचा चुरा. "माले दे वं ताई, कोंबड्यासले व्हई जाई." आम्ही पिशवीत भरून द्यायचो. एकदा ऊन फार चढले म्हणून आमच्यातली कॉलेजात शिकणारी एक मुलगी त्यांना स्कूटीवरून घरी सोडायला गेली आणि परत आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "काकू, त्यांच्याकडे एकही कोंबडी नाही."

आता मी त्या गृहस्थांना नेमके काय दाखवू?

ज्या ८० कोटींचा आकडा ते तोंडावर फेकतात, त्यात या मावशी कागदोपत्री आहेत. त्यांचे नाव गावाकडच्या सासरच्या कार्डावर आहे. कार्डावरच्या कोणाही एका माणसाने रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावला की सगळ्या कार्डाचे धान्य उचलता येते, आणि तो अंगठा दर महिन्याला दीर लावतात. नवरा वारल्यावर शहरात खोली भाड्याने घेऊन राहणारी बाई दिराकडे पाच किलो धान्याचा हिशेब मागायला जाईल काय? देशात कुठेही रेशन उचलता येते हे मलाही ठाऊक आहे. पण गावातल्या दुकानात एकदा उचल झाली की जळगावच्या दुकानदाराच्या मशीनवर शिल्लक काय दिसणार? नाव वेगळे करून घ्यायचे तर नाव कमी केल्याचा दाखला हवा, त्यासाठी कुटुंबप्रमुखाची सही हवी, तहसीलच्या पुरवठा शाखेत खेटे हवेत, आणि प्रत्येक खेट्याला एक दिवसाची मजुरी बुडते. एवढे करून नवे कार्ड हातात आले, तरी इष्टांक शिल्लक नाही, हे उत्तर तयारच असते.

हा इष्टांक म्हणजे धान्य मिळू शकणाऱ्या लोकांची सरकारने ठरवून दिलेली संख्या. ती कशी ठरली, हेही आमच्या अंगठेबहाद्दरांनी कधीतरी समजून घ्यावे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला, त्याची लाभार्थिसंख्या २०११ च्या जनगणनेवर बेतली गेली आणि महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटींवर बांधली गेली. शहरी भागात तर निम्म्याहून कमी लोकसंख्या त्यात धरली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्या काळात जन्मलेली मुले आता शाळेत जाऊ लागली, घरे विभागली, कामे गेली, माणसे गावातून शहरात आली. शहरातील प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे माणशी धान्य मिळणाऱ्या कार्डासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये ठेवण्यात आली, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. भांडी घासणारी बाई आणि हातगाडी ओढणारा तिचा नवरा दोघे मिळून याहून थोडेसे जास्त कमावत असतील, तर सरकारी हिशेबाने ते सुस्थितीत आले!

आणि समजा, कार्ड आहे, अंगठा उमटतो, ई-केवायसी झालेली आहे, दुकान उघडे आहे. माणशी महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाच्या एका वेळच्या जेवणासाठी १०० ग्रॅम धान्य धरलेले आहे. मग दिवसभर सिमेंटची पाटी वाहणाऱ्या बाईने १६६ ग्रॅममध्ये दोन्ही वेळा कशा भागवायच्या? डाळ, तेल, मीठ, तिखट त्यात नाही. दळणाचे पैसे नाहीत. सिलिंडर रिकामा पडला की चूल पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर पेटते, आणि पऱ्हाटी शहरात कोण आणून देणार? शिवभोजन थाळी १० रुपयांत मिळते, हे खरे, आणि ज्या केंद्रांवर ती नीट मिळते त्यांना माझा नमस्कार. पण ती दुपारच्या ठरावीक वेळेत मिळते, थाळ्याही मोजक्याच असतात, आणि त्या वेळी मजूर माणूस कामावर असतो.

रेशन बंद झाले तर आमच्यासारखी शंभर मंडळे मिळूनही एका तालुक्याचे पोट भरू शकणार नाहीत, हे मी मान्य करते. सरकारने जे करायचे ते सरकारनेच करायला हवे. पण मावशींच्या दिराला कोणता अधिकारी जाऊन भेटणार आहे? ते शेजाऱ्यालाच कळते, तेही शेजाऱ्याचे लक्ष असेल तर.

आमच्या गटात कोणी मोठा माणूस नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी काही मुले आहेत, बचत गटातल्या बायका आहेत, आणि एक चक्कीवाले काका आहेत, ज्यांच्याकडे आमची चिठ्ठी दाखवली की दळण फुकट होते. या काकांविषयी कोणी दोन ओळीही लिहीत नाही, पण नुसता गहू हातात ठेवून काही होत नाही, हे आमच्या आधी त्यांना सुचले. मुले घरोघरी मुठीचा डबा ठेवतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात राहिलेल्या विनोबांनी पुढे सर्वोदयपात्राची कल्पना मांडली होती, घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य वेगळे काढायचे. आमच्या वाहक काकांच्या आईने तसे पात्र घरात ठेवले होते, म्हणून त्यांनी ते इथे सुरू केले. चिमुकल्या हाताची मूठ ती केवढी! तरीही महिन्याअखेरीस गल्लीतून पोते भरते.

मावशींच्या बाबतीत काय करायचे यावर मात्र ओट्यावर बरीच चर्चा झाली. किट नेऊन दिले असते, तर त्या पुढच्या रविवारी आल्याच नसत्या, याविषयी आम्हा बायकांना शंका नव्हती. शेवटी वाहक काकांनी ठरवले की निवडणीला बसणाऱ्या प्रत्येकाला मजुरी धान्यात द्यायची, जशी खळ्यावर पूर्वी द्यायचे. मीही घेतली, दुसरीनेही घेतली, मावशींनीही घेतली. ज्यांना गरज नव्हती त्यांनी आपली मजुरी नंतर गुपचूप पोत्यात परत टाकली. मावशी ज्वारी आणि तूरडाळ नेऊ लागल्या. कणी मागणे त्यांनी त्यानंतर बंद केले, आणि कोंबड्यांची चौकशी आमच्यापैकी कोणीही केली नाही. याला आयते खाणे म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा.

हो, दोन ठिकाणांहून किट नेणारी माणसे आम्हालाही भेटली आहेत, आणि एकाने तेलाची पिशवी विकून दारू प्यायली, हेही खरे आहे. त्याच्या बायकोने आणि मुलांनी मग उपाशी राहायचे काय? आता आम्ही तेल त्याच्या बायकोच्या हातात देतो.

राग यायचाच असेल, तर तो फोटोंचा यावा. एक लिटर तेल, दोन किलो साखर, त्यावर धरलेले पाच-सहा जणांचे हात आणि मधोमध मान खाली घातलेली एक म्हातारी, असे फोटो मी यापुढे कोणाच्याही फेसबुकच्या भिंतीवर पाहिले, तर त्याखाली लिहिणार आहे, मग तो माझा भाऊ असला तरी. मावशींचा असा फोटो कोणी काढला असता तर? ज्या बाईने आपली भूक कोंबड्यांच्या नावावर खपवली, तिला बॅनरखाली उभे करायला काळीज किती निबर असावे लागेल! देणगीदाराला हिशेब हवा असतो, हे मला समजते. त्यासाठी आमच्याकडे वही आहे, पावत्या आहेत, कोणीही येऊन पाहावे.

आणि कृपा करून घरातला सोंडे लागलेला गहू आणि जाळी धरलेला रवा आमच्याकडे पाठवू नका. तो निवडायला आम्हाला अख्खी सकाळ लागते आणि अर्धा टाकून द्यावा लागतो. जो रवा तुम्ही स्वतःच्या मुलाला करून घालणार नाही, तो दुसऱ्याच्या मुलाला कसा चालतो?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. ते गृहस्थ वाईट नाहीत. करोनाच्या काळात त्यांनी स्वतःच्या खर्चाने डबे पाठवले होते, हे मी विसरलेले नाही. आपल्याकडे देण्याची वृत्ती आहे, पण ती सणांना बांधलेली आहे. दिवाळीत आमच्या ओट्यावर फराळाचे इतके डबे येतात की ठेवायला जागा उरत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोणी आंबे आणून देते, कोणी पुरणपोळ्या. त्यानंतर मे सरतो, शाळा बंद असल्यामुळे मुलांचे दुपारचे जेवण बंद असते, बांधकामे पाण्याअभावी थांबतात, मृग लागेपर्यंत शेतात काम नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडचे पोते रिकामे असते. आता जून उजाडला आहे. मावशींच्या वस्तीत असे कितीतरी जण आहेत ज्यांच्याकडे कोंबड्यांचे निमित्तसुद्धा नाही.

तर या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही देवळाच्या ओट्यावर बसणार आहोत. गहू सध्या पुरेसा आहे. तूरडाळ, शेंगदाणे, तेल, गूळ आणि मीठ हवे आहे. दाणा बाजारात ज्यांची ओळख आहे, त्यांनी पोत्याच्या भावाने डाळ मिळेल का ते विचारून मला कळवावे. पैसे आम्ही वर्गणीतून देऊ. घरी सूप असेल तर घेऊन या, कारण आमच्याकडची दोन सुपे मोडली आहेत.