टाच दुखत असेल तर पोटरीही तपासा

टाचदुखीवरच्या एका लेखात मऊ चप्पल आणि तळव्याखाली बाटली फिरवणं हे उपाय सांगितलेत, ते बरोबरच आहे. पण पोटरीचा उल्लेखच नाही, म्हणून राहवेना. मी शिक्षिका, दिवसाचे ५-६ तास उभी. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिल्याच पावलाला टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसलं आणि मी घाबरले. असं हाड काहीच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांतही सापडतं, हे नंतर कळलं.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला भिंतीसमोर उभं केलं. पाऊल भिंतीपासून चार बोटं लांब, टाच जमिनीला, आणि गुडघा भिंतीला टेकवायचा. डावा टेकला. दुखऱ्या उजव्या पायाची टाच मात्र लगेच उचलली गेली. पोटरीचे स्नायू मागून टाचेच्याच हाडाला जोडलेले असतात. ते आखडले की घोटा पुरेसा वाकत नाही आणि चालताना तळव्याच्या पट्ट्यावर (टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या जाड पट्टीवर) जास्त ताण येतो.

त्यावरचा व्यायाम असा: दुखरा पाय मागे घेऊन, त्याचा गुडघा ताठ ठेवून हातांनी भिंतीला रेटा द्यायचा, ३० सेकंद, तीनदा. मग तसंच गुडघा किंचित वाकवून, म्हणजे पोटरीचा खोलवरचा स्नायूही ताणला जातो. टाच अजिबात उचलायची नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. पुढे पायरीवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा हळूहळू वर-खाली, एक दिवसाआड. मला फरक पडायला ३ महिने लागले, तेव्हा दोन आठवड्यांत कंटाळून सोडू नका. रात्री झोपेतही दुखत असेल, सूज किंवा मुंग्या असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.