शिंपले पाणी गाळतात, म्हणूनच तर परवाना लागतो

मत्स्यशेतीत रस असणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच: "समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. कालवं-शिंपल्यांना ना खाद्य लागतं ना औषध, उलट ते पाणीच साफ करतात. तरी सरकार परवान्यासाठी वर्षानुवर्षं झुलवतं. एकदा भाडेपट्टा हातात आला की जागा कायमची आपली. तेव्हा थांबू नका, पिंजरे आधी टाका, कागद मागाहून होतील."

यातलं झुलवण्याबद्दलचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. बाकीच्या वाक्यांच्या नादी लागलात तर पैसे पाण्यात जातील, तेही शब्दशः.

सुरुवात खाद्य-औषधाच्या मुद्द्यापासून करतो, कारण लोकांना सगळ्यात जास्त तोच पटतो. शिंपल्यांना बाहेरून खाद्य घालावं लागत नाही, हे बरोबर आहे. भरतीबरोबर येणारी सूक्ष्म शैवालं गाळून ते पोट भरतात. एक मोठं कालव उत्तम परिस्थितीत दिवसाला 190 लिटरपर्यंत पाणी गाळतं, असा आकडा नेहमी दिला जातो. प्रत्यक्षात तापमान, खारटपणा, गाळ यांप्रमाणे तो बराच खाली येतो. पण इतकं पाणी अंगातून जातं, म्हणजे पाण्यात जे असेल तेही अंगात जातं. वरच्या अंगाला गावाचं मैलापाणी नदीत सुटत असेल, तर त्यातले जंतू आणि विषाणू शिंपल्याच्या पोटात साठत जातात, अगदी भोवतालच्या पाण्याच्या कितीतरी पट. मासा आपण पोट साफ करून खातो. कालव पोटासकट खातो, आणि बरेचदा कच्चं किंवा नुसती वाफ दाखवून.

याचा परिणाम काय होतो, ते जगाने पाहिलेलं आहे. 1988च्या सुरुवातीला शांघायमध्ये हेपॅटायटिस ए या काविळीची साथ आली आणि सुमारे तीन लाख लोक आजारी पडले. कारण निघालं मैलापाण्याने दूषित झालेले, अर्धेकच्चे खाल्लेले शिंपले. अमेरिकेत 1924-25च्या हिवाळ्यात कालवांमधून विषमज्वर पसरला. दीड हजारांच्या आसपास लोकांना लागण झाली, दीडशे दगावले. शिंपल्यांच्या आरोग्य-नियंत्रणाचा तिथला राष्ट्रीय कार्यक्रम 1925मध्ये उभा राहिला तो यानंतर. म्हणजे हा नियम कुणा बाबूच्या डोक्यातून निघालेला नाही.

"आमच्याकडचं पाणी स्वच्छ आहे," हे यावरचं ठरलेलं उत्तर. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर 1987मध्ये शेतीत वाढवलेले काळे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, तिघांचा मृत्यू झाला, काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. तिथे मैलापाण्याचा काही संबंध नव्हता. एका जातीच्या सूक्ष्म शैवालाचा बहर आला होता आणि त्यातलं डोमोइक आम्ल शिंपल्यांत साठलं होतं. ते शिजवून नष्ट होत नाही आणि शिंपला स्वतः ठणठणीत दिसतो. नुसत्या डोळ्यांनी ते कळणार नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

म्हणून जिथे जिथे ही शेती गंभीरपणे होते, तिथे पाण्याचीच प्रतवारी केलेली असते. युरोपात शिंपल्याच्या 100 ग्रॅम मांसात आणि आतल्या द्रवात ई. कोलाय हे मैलापाण्याची खूण असलेले जंतू किती, यावर वर्ग ठरतो. बहुतेक नमुन्यांत 230च्या आत असतील तर 'अ' वर्ग, आणि माल थेट बाजारात. 4,600पर्यंत गेले तर 'ब', म्हणजे माल आधी शुद्धीकरणाच्या टाक्यांत ठेवायचा किंवा स्वच्छ पाण्यात हलवून काही काळ राहू द्यायचा. त्याच्याही वर, 46,000पर्यंत, 'क' वर्ग, आणि तिथे धंद्याचं गणितच बदलतं. अमेरिकेत हीच प्रतवारी मुख्यतः पाण्याच्या नमुन्यांवरून होते. काही क्षेत्रं 'अटीसह मंजूर' असतात. ठरावीक पातळीच्या वर पाऊस झाला की तिथे काढणी बंद, आणि पाणी पुन्हा निवळेपर्यंत तुमचा विक्रीला तयार झालेला माल पाण्यातच.

नवखे लोक नेमके इथेच फसतात. जागेचा भाडेपट्टा देणारं खातं एक असतं, तिथला माल माणसाने खाण्याजोगा आहे असं सांगणारं खातं बहुधा दुसरंच. पहिल्याचा शिक्का मिळाला म्हणजे दुसऱ्याचा मिळाला असं होत नाही. काढणीला बंदी असलेल्या पाण्यातला भाडेपट्टा हातात असणं म्हणजे निव्वळ भाडं भरत बसणं. अर्ज लिहायला घेण्याआधी त्या पाण्याचा वर्ग आणि मागच्या काही वर्षांत काढणी किती दिवस बंद होती याची नोंद मागून घ्या. जिथे ही माहिती खुली असते तिथे ती नकाशावरच मिळते.

औषध लागत नाही, हेही वरवर खरं. उघड्या पाण्यात औषध देऊन उपयोगच नसतो, म्हणून तर रोग आल्यावर हातात काही उरत नाही. 1957मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागरात एमएसएक्स नावाच्या परजीवीने कालवांचा फडशा पाडला. 2008मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर नागीण विषाणूच्या एका प्रकाराने कोवळं बीज, म्हणजे कालवांची पिल्लं, मोठ्या प्रमाणावर मारलं. माणसाला यातल्या कशाचाच धोका नसतो, पण बीज एका खाडीतून दुसरीकडे नेलं की रोगही सोबत प्रवास करतो. बीज कुठल्या उबवणी केंद्रातून आणणार, तपासणी कुणी केली, हे अर्जात विचारतात ते यासाठी. तुमच्या शेजाऱ्याचं शेत तुमच्या एका पोत्यामुळे बसू शकतं.

आता "समुद्र कुणाच्या मालकीचा नाही." हे वाक्य मूळ जागेवर नेऊन ठेवलं तर ते उलट बाजूने बोलायला लागतं. वाहतं पाणी, समुद्र आणि किनारा हे निसर्गतः सर्वांचे, असं सहाव्या शतकातल्या सम्राट जस्टिनियनच्या काळातल्या रोमन कायद्यात नोंदवलेलं आहे. सर्वांचा म्हणजे कुणीही येऊन खांब रोवावेत असा नव्हे. एकाने अडवायचा तर बाकीच्यांना विचारावं लागेल असा. गंमत म्हणजे अमेरिकेत हे तत्त्व पक्कं झालं ते कालवांच्याच भांडणातून. न्यू जर्सीतल्या रॅरिटन नदीच्या तळावरची कालवं फक्त आपली, कारण जुन्या राजाच्या सनदेतून हक्क आपल्याकडे आला, असा दावा एका जमीनमालकाने केला होता. 1842मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. भरतीच्या पाण्याखालची जमीन लोकांसाठी विश्वस्त म्हणून राज्याकडे असते, असा त्या निकालाचा अर्थ पुढे लावला गेला.

भाडेपट्ट्याच्या अर्जात इतक्या चौकशा का, याचं उत्तर यात आहे. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, ओहोटीला किती पाणी राहतं, पिंजरे तळावर बसणार की तरंगणार, बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, किती आणि कुठे, होडी कुठून येणार-जाणार, किनाऱ्यावरच्या घरमालकाची वाट अडते का, त्या पट्ट्यात आज कोण मासेमारी करतं. तळावर समुद्री गवत आहे का, हे पाणबुड्याने किंवा कॅमेऱ्याने दाखवावं लागतं, कारण वर तराफे आले की खालच्या गवताला ऊन मिळत नाही, आणि माशांची पिल्लं त्याच गवतात वाढतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात या प्रश्नांची यादी कायद्यातच आहे आणि मोठ्या पट्ट्यासाठी जाहीर सुनावणीची तरतूद आहे. सुनावणीत आरडाओरडा होतो, कधी निव्वळ "आमच्या खिडकीतून बोये दिसतात" एवढ्यावर हरकत येते. ते सहन करावं लागतं. पण स्थानिक मच्छीमाराशी आधीच बोलून जागा दोन-चारशे फूट सरकवली, तर निम्म्या हरकती दाखलच होत नाहीत.

शिंपला पर्यावरणाला चांगला म्हणून त्याची शेती तपासणीशिवाय चालावी, हा युक्तिवाद न्यायालयातही टिकलेला नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या शिंपला शेतीला लष्कराच्या अभियंता विभागाने दिलेली सरसकट परवानगी संघराज्य न्यायालयाने 2019मध्ये बेकायदा ठरवली. एकत्रित परिणामांचा पुरेसा विचार केलेला नाही, हे कारण होतं. त्याआधी 2007मध्ये युरोपीय न्यायालयाने आयर्लंडला अशाच मुद्द्यावर दोषी धरलं होतं: संरक्षित पक्षीक्षेत्रांत जलशेतीला परवाने देताना आधी मूल्यमापन केलं नव्हतं.

"जागा कायमची आपली." नाही. मेनमध्ये मोठ्यात मोठा भाडेपट्टा 20 वर्षांचा आणि 100 एकरांचा, आणि वर्षभर तिथे काही केलंच नाही तर तो काढूनही घेता येतो. न्यूझीलंडमध्ये मुदत साधारण 20 ते 35 वर्षं. आणि मुदत संपते म्हणजे खरोखर संपते. कॅलिफोर्नियातल्या पॉइंट रेयेस इथल्या ड्रेक्स बे ऑयस्टर कंपनीच्या शेताची जागा 1972मध्ये राष्ट्रीय उद्यानाकडे गेली, वापराचा हक्क 40 वर्षं ठेवून. मधल्या काळात धंदा नव्या मालकांनी घेतला, मुदतवाढ मिळेल या भरवशावर. नोव्हेंबर 2012मध्ये अमेरिकेचे अंतर्गत व्यवहार मंत्री केन सालाझार यांनी नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 2014मध्ये त्याने ते ऐकायला घेतलं नाही आणि शेत बंद झालं. तिथे चूक कुणाची, यावर अजून वाद होतात. पण कागदावर तारीख पहिल्या दिवसापासून होती.

राहिली झुलवण्याची तक्रार. ही मी खोडणार नाही. आयर्लंडमध्ये अर्ज इतके तुंबले की 2017मध्ये स्वतंत्र समितीला परवाना पद्धतीचा आढावा घ्यावा लागला. न्यूझीलंडने तर 2001च्या अखेरीपासून काही वर्षं नव्या अर्जांवर बंदीच घातली होती. काही उशीर अटळ असतो. समुद्री गवताची पाहणी ते वाढतं त्याच हंगामात करावी लागते, पाण्याचे नमुने वेगवेगळ्या ऋतूंत घ्यावे लागतात. पण बराचसा उशीर चार खात्यांनी एकच नकाशा चार वेळा मागण्याचा असतो, आणि त्याला काहीही समर्थन नाही.

त्यावर उपाय मात्र परवानाच नको म्हणण्यात नाही. फ्लोरिडाने 1990च्या दशकात वेगळा रस्ता धरला. 1994च्या मतदानात मोठ्या जाळ्यांवर बंदी आली, 'सीडर की' या गावातल्या मच्छीमारांचं पोट गेलं, तेव्हा राज्याने आधी स्वतः पाण्याची पाहणी करून पट्टे आखले आणि मग शिंपला शेतीसाठी वाटले. प्रत्येकाने वेगळी पाहणी करायची गरज उरली नाही. मेनमध्ये छोट्यांसाठी 400 चौरस फुटांचा एका वर्षाचा परवाना आहे, त्याची कागदपत्रं मोजकी. हात आजमावायचा असेल, जागेत बीज वाढतं का ते बघायचं असेल, तर तेवढं पुरतं. मागणी करायची तर अशा गोष्टींची करा. तुमच्याकडे असा छोटा परवाना आहे का, हे आधी विचारा. पुष्कळ जण थेट मोठ्या पट्ट्याचा अर्ज भरून बसतात.

आणि "पिंजरे आधी टाका." विनापरवाना सामान अडथळा म्हणून उचललं जाईल, दंड होईल, पुढचा अर्ज खराब होईल, हे तर आहेच. पण समजा कुणी पाहिलंच नाही. अमेरिकेत शिंपल्यांच्या प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी असते: कुणी काढलं, कुठल्या क्षेत्रातून, कुठल्या तारखेला. हॉटेलवाल्याला पोतं संपल्यावरही ती चिठ्ठी 90 दिवस जपून ठेवावी लागते, कारण हेपॅटायटिस ए ची लक्षणं दिसायला 15 ते 50 दिवस लागतात आणि तोवर कुणी काय खाल्लं याचा माग काढायला ती चिठ्ठीच उरते. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याच्याकडे त्या चिठ्ठीवर लिहायला परवान्याचा क्रमांक नाही. नियम पाळणारा घाऊक खरेदीदार असा माल घेत नाही, आणि जो घेईल तो भाव पाडूनच घेईल.